मापाच्या वहीतले सोळा आकडे

बुलढाण्याच्या बँकेतल्या साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि माझ्या नावासमोरच्या लाल अक्षरांवर पेनाचं टोक ठेवलं. एका क्रेडिट कार्डाची थकबाकी माझ्या नावावर दिसत होती, आणि तीही वर्षाहून जुनी. साहेबांनी हे सांगताना आवाज बराच खाली आणला. माझ्या मागे रांग होती, आणि मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून असल्यामुळे रांगेतल्या निम्म्या लोकांना मी ओळखत होते.

मी त्यांना सांगितलं की मी आजवर क्रेडिट कार्डावर शेंगदाण्याची पुडीसुद्धा घेतलेली नाही. ते म्हणाले, मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण या यंत्राचा नाही.

ज्या कर्जासाठी मी बँकेत गेले होते, ते माझ्यासाठी नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीला अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ती दुसरी होणार होती. बाबा डोणगावात शिंपीकाम करतात. त्यांच्या कमाईचा छापील कागद असा काही नाही, म्हणून शैक्षणिक कर्जावर त्यांच्याऐवजी माझी सही लागणार होती. दहा दिवसांत बँकेचं मंजुरीपत्र कॉलेजात दाखवायचं, नाही तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. साहेब भले होते. ते म्हणाले, कार्ड बंद केल्याचं आणि बाकी काही नसल्याचं कंपनीचं पत्र आणा, त्याच दिवशी तुमचं प्रकरण पुढे पाठवतो.

मी बाहेर येऊन बसस्टँडच्या दिशेने चालत सुटले, तेव्हा कुठे मला ते कार्ड आठवलं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये एका कंपनीने छत्री लावून टेबल मांडलं होतं. टेबलामागे माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिने मला "मॅम" म्हटलं. मला तोपर्यंत कोणी मॅम म्हटलं नव्हतं. ऑफिसात मी "अहो, जरा ती फाइल" अशीच ओळखली जायचे. तिने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं की कार्ड आयुष्यभर फुकट आहे, वापरा किंवा नका वापरू, एक रुपया लागणार नाही. तिचा महिन्याचा आकडा पूर्ण व्हायला दोनच अर्ज कमी होते, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. कोणाचा चहा पिऊन नाही म्हणायचं आम्हाला घरी कधी शिकवलेलं नाही. मी सही केली. ई-मेलच्या जागी बी.कॉम.च्या परीक्षेचा फॉर्म भरताना कॅफेवाल्याने उघडून दिलेला पत्ता लिहिला. तो मी त्यानंतर कधी उघडला नव्हता. घरचा पत्ता म्हणून डोणगावचा दिला, कारण बुलढाण्यातली खोली भाड्याची होती आणि घर म्हटलं की मला तेच आठवतं.

पंधरा दिवसांनी आईचा फोन आला, की तुझ्या नावाचं काहीतरी कुरियरनं आलं आहे, जाड पाकिटात. मी म्हटलं, ठेवून दे. एवढंच. आईने खरोखरच ठेवून दिलं.

त्यानंतर माझ्या मोबाइलवर "प्रिय ग्राहक" असे मेसेज यायचे. सोनं, गाड्या, घरं विकणारेसुद्धा मला प्रिय ग्राहकच म्हणतात. मी ते सगळे एकाच ढिगात पुसून टाकत गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी चिखली, मेहकर करत डोणगावला पोचले. कार्ड मिळालं की त्यामागचा नंबर लावायचा, बंद करा म्हणायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं, असा माझा बेत होता. आमचं घर म्हणजे पुढे बाबांचं दुकान आणि मागे दोन खोल्या. बाबा अस्तराचं कापड आणायला मेहकरला गेले होते, आमच्या गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. बहीण प्रवेशाची पावती मांडीवर घेऊन बसली होती. ती पावती तिने इतक्या वेळा उघडून घडी घातली होती की मधोमध चीर पडायला आली होती.

मी आईला कार्ड विचारलं. आई हात धुऊन देवघरापाशी गेली आणि अन्नपूर्णेच्या मागून ते काढून माझ्या हातात दिलं.

गेल्या दोन्ही दसऱ्यांना आईने त्याची पूजा केली होती. आमच्याकडे दसऱ्याला जो तो आपलं हत्यार पूजतो. बाबांची मशीन, कात्री, गज, आईची विळी, बहिणीची पुस्तकं असं सगळं पाटावर मांडलं जातं. मी बुलढाण्याला, माझं हत्यार घरी नव्हतं. आईला वाटलं, पोरीच्या नावानं आलेलं हे बँकेचं कार्ड, हेच तिचं हत्यार. हळद, कुंकू, अक्षता, एक झेंडूचं फूल. मग ते पिवळं पडलं, म्हणून देवाच्या भांड्यांबरोबर चिंच-मिठाने घासलं. पुन्हा पूजा, पुन्हा घासणं. कार्ड आता इतकं लख्ख होतं की त्यात आपला चेहरा दिसावा. पुढच्या बाजूचे सगळे आकडे गेले होते. मागची बारीक अक्षरं गेली होती. राहिलं होतं ते फक्त इंग्रजीत छापलेलं माझं नाव, वडिलांच्या नावासकट, जसंच्या तसं.

मी ते कार्ड उलटसुलट करून उजेडात धरून पाहिलं. आईला माझ्या चेहऱ्यावरून समजलं की काहीतरी बिघडलं आहे.

"आकडे गेले असतीन माय," ती म्हणाली, "पण तुह्या नावाले म्या घासणी लागू देली नाही. बोट धरून भवताल घासलं."

आईला इंग्रजी वाचता येत नाही. नाव कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं हे तिने बहिणीकडून विचारून घेतलं होतं. मला तिच्यावर रागवायचं होतं, पण ते जमलं नाही.

कार्डाबरोबर आलेलं पत्र आईने जपून ठेवलेलं होतं. त्यावर नंबर होता, पण पहिल्या बारा आकड्यांच्या जागी फुल्या आणि शेवटी फक्त चार आकडे. कंपनीचा फोन नंबर मात्र खाली होता. तो लावला. मराठीसाठी तीन दाबा, म्हणून तीन दाबलं. एक बाई अतिशय शुद्ध आणि गोड मराठीत बोलू लागली. कार्ड हरवलं असल्यास एक, नवीन कार्ड हवं असल्यास दोन, कर्ज हवं असल्यास तीन, मुख्य सूचीकडे परत जाण्यासाठी शून्य. बंद करण्यासाठी कुठलाच आकडा नव्हता. अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी नऊ. नऊ दाबल्यावर त्या बाईने कार्डाचा सोळा आकडी क्रमांक मागितला.

मी शेवटचे चार दाबले. तिने पुन्हा सोळा मागितले. मी काहीच दाबलं नाही, तर तिने माझे आभार मानले आणि फोन बंद झाला.

असं आम्ही सहा वेळा केलं. तोपर्यंत ब्लाउजचं माप द्यायला आलेली शेजारची मावशी पायरीवर बसून ऐकू लागली होती. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मावशीचं मत पडलं की बाई बोलते लय गोड, पण आयकत नाही कोणाचंच. आईने तिला समजावलं की ती बाई खरी नाही, यंत्र आहे. मावशी म्हणाली, मंग तिले राग तरी येत नसन, आणखी एकदा लाव.

मी मनात ठरवलं होतं की जी काही बाकी असेल ती भरून टाकू आणि मोकळं होऊ. तेवढ्यात बहिणीने आपल्या फोनवर माझा तो जुना ई-मेल कसाबसा उघडला. कंपनीची बिलं त्यात ओळीने पडून होती. पहिल्या वर्षी कार्ड वापरलं नाही म्हणून फुकटची सवलत रद्द. म्हणून वार्षिक फी. फी भरली नाही म्हणून दंड. दंडावर कर, त्या सगळ्यावर व्याज. एकही वस्तू न घेता मी एका साडीच्या किमतीएवढं देणं करून बसले होते. पण भरायलाही वाट नव्हती, कारण पैसे घेण्यासाठीसुद्धा त्यांना आधी सोळा आकडे हवे होते, आणि बिलावर पुन्हा त्याच फुल्या.

बहिणीने पावतीची घडी घातली. ती म्हणाली, "ताई, राहू दे. मी पुढच्या वर्षी पाहीन."

ती हे इतकं सहज म्हणाली की मला जास्त लागलं. पुढच्या वर्षी पाहीन असं म्हणणाऱ्या आमच्या गल्लीतल्या किती मुली मी पाहिल्या आहेत, त्या पुढच्या वर्षी लग्नाच्या मांडवात होत्या. मी बी.कॉम.ला होते तेव्हा बाबांनी दोन दिवाळ्या रोज चार तास जास्त मशीन चालवली. पुढच्या वर्षी हा शब्द त्यांनी माझ्यासमोर काढला नाही.

दुपारी बाबा अस्तराचा गठ्ठा घेऊन आले. पायरीवर मावशी, उंबऱ्यात आई, आत आम्ही दोघी फोनसमोर, असं पाहून त्यांना वाटलं कोणी गेलं की काय. मग आई, मावशी आणि बहीण तिघींनी एकदम सगळं सांगितलं. बाबांनी ऐकलं, पाणी पिऊन घेतलं, आणि विचारलं, "मंग अडलं कायले? नंबरासाठी?"

मी म्हटलं, हो.

"तसं म्हणा ना मंग. मले वाटलं काय झालं न काय नाही."

ते दुकानात गेले आणि मापाची वही घेऊन आले. ही वही म्हणजे लांबट, जाड, कापडी पुठ्ठ्याची. डोणगावातल्या बहुतेक सगळ्यांची उंची, छाती, कंबर, बाही त्यात आहे. नवरदेवांची मापं लग्नाच्या आधीची आणि नंतरचीही आहेत. बाबा चौथीपर्यंत शिकले आहेत. अक्षरांशी त्यांचं फारसं जमत नाही, पण आकडा म्हटला की तो वहीत उतरवायचा ही त्यांची सवय आहे. लाइटच्या मीटरचा नंबर, गॅसचा नंबर, माझ्या दहावीच्या परीक्षेचा आसन क्रमांक, सगळं ज्याच्या त्याच्या मापाखाली. त्यांचं म्हणणं असं की कागद हरवतो, वही हरवत नाही, कारण वहीवर पोट आहे.

माझ्या पानावर माझी मापं होती, बारावीच्या ड्रेसपासूनची. त्यांच्या खाली बाबांच्या गोल गोल मराठी आकड्यांत चार ओळी, दर ओळीत चार आकडे. कुरियर आलं त्याच दिवशी, आईने ते देवघरात ठेवण्याआधी, त्यांनी ते उतरवून घेतले होते. मी पत्रावरचे शेवटचे चार आकडे काढले आणि वहीतल्या चौथ्या ओळीशी ताडून पाहिले. तंतोतंत होते.

मावशीने विचारलं, हे पोरीचं कायचं माप व्हय? बाबा म्हणाले, कंपनीच्या झग्याचं.

सोळा आकडे दाबले. बाईने आभार मानले, संगीत लागलं, बराच वेळ लागून राहिलं, आणि मग एक खरी मुलगी बोलली. खरी आहे हे लगेच कळलं, कारण ती बोलता बोलता शिंकली. मी तिला सगळं सांगितलं आणि कार्ड बंद करा म्हटलं. तिने समोर ठेवलेलं काहीतरी वाचायला घेतलं. कार्ड बंद केल्यास मी अनेक फायद्यांना मुकणार होते. मर्यादा दुप्पट करून मिळणार होती. विमानतळावर बसायला वर्षातून चार वेळा गारेगार खोली मिळणार होती. बुलढाण्याला अजून रेल्वेही आलेली नाही हे मी तिला सांगितलं नाही. मी पुन्हा म्हटलं, बंद करा. मग ती म्हणाली, आधी सगळी बाकी भरा, त्यानंतर विनंती नोंदवली जाईल, त्यानंतर पंचेचाळीस दिवसांत पत्र येईल.

माझ्याकडे नऊ दिवस उरले होते. मी भरते म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला. मी फोन त्यांच्याकडे दिला.

"नमस्कार बाई. मी पोरीचा बाप, टेलर हाव," ते म्हणाले. "एक इचारतो. तुमचं कार्ड आलं तसं आम्ही ठेवलं. घडी मोडली नाही. माह्या दुकानात घडी न मोडलेल्या कापडाची शिलाई लागत नाही. तुमच्याकडं लागते काय?"

मला वाटलं ती आता फोन ठेवणार. मग ती म्हणाली, "एक मिनिट हं, काका."

पुन्हा संगीत. मावशीने या वेळी तालावर मान हलवली. ती मुलगी परत आली तेव्हा तिच्या बोलण्यातली वाचलेली वाक्यं संपली होती. कार्ड एकदाही चालू केलेलंच नव्हतं, हे तिला तिच्या पडद्यावर दिसलं होतं. चालू न केलेल्या कार्डावर ग्राहकाला न विचारता पैसे लावायचे नाहीत असा नियम आहे, पण बिल काढणारं यंत्र ते पाहत नाही, ते फक्त तारीख पाहतं, असं ती म्हणाली. तिने तक्रार नोंदवली. ती म्हणाली, निकाल सात दिवसांत येतो, लवकरचं वचन मी देऊ शकत नाही, पण बँकेकडून निकडीचं पत्र घ्या आणि तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना मी सांगते त्या ई-मेलवर थेट पाठवा. तक्रारीचा क्रमांक तिने सावकाश सांगितला. बाबांनी तो लिहून घेतला, माझ्या पानावर, पाचव्या ओळीत.

फोन ठेवण्याआधी बाबांनी तिला विचारलं, जेवण झालं का. ती म्हणाली, अजून नाही काका, तीन वाजता सुट्टी. बाबा म्हणाले, येळेवर जेवत जा.

त्या मुलीवर माझा राग नाही. पोर्चमध्ये छत्रीखाली बसलेल्या मुलीवरही नाही. दोघी नोकरी करत होत्या, मीही करते. राग आहे तो त्या कागदावर, ज्यात फुकट हा शब्द ठळक आणि अट मुंगीएवढी छापलेली होती. मी पदवीधर असून ती वाचली नाही याची लाजही वाटते. आता मी ऑफिसात कोणी सही करायला लागलं की आधी खालचं बारीक वाचा म्हणून मागे लागते. ते हसतात. हसू देत.

बुलढाण्याच्या साहेबांनी पत्र लगेच दिलं. मी ते पाठवलं. मग रोज सकाळी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी तो जुना ई-मेल उघडून पाहू लागले. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं म्हणून मी घाईने उघडलं, तर ती दिवाळीच्या खरेदीची जाहिरात होती. बहीण रोज फोन करायची आणि कार्डाबद्दल एक शब्द न विचारता पाऊसपाण्याच्या गोष्टी करायची. आठव्या दिवशी दुपारी ते आलं. फी, दंड, कर, व्याज सगळं मागे घेतलेलं होतं. खाते बंद, बाकी शून्य, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कार्ड कापून नष्ट करावे, अशी शेवटची ओळ होती. मी ते छापून घेतलं आणि ऑफिसातून अक्षरशः पळत बँकेत गेले. साहेबांनी शब्द पाळला. दहाव्या दिवशी सकाळी मंजुरीपत्र माझ्या हातात होतं आणि दुपारी आम्ही दोघी बहिणी अकोल्याच्या कॉलेजच्या खिडकीसमोर उभ्या होतो. आतल्या बाईंनी पत्र पाहिलं, त्यावर शिक्का मारून ते परत दिलं आणि पुढचा नंबर पुकारला. एवढंच झालं. बहीण तो शिक्का वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिली.

त्याच रात्री मुक्कामाला डोणगावला आलो. जेवणं झाल्यावर मी कार्ड कापायचं काढलं आणि बाबांची कात्री मागितली. त्यांनी साफ नाही म्हटलं. कापडाची कात्री कापडालाच, कागद-प्लास्टिक लावलं की तिची धार जाते. ते शेजारून, मावशीकडून, तिची भाजीची कात्री घेऊन आले. मी कापणार तेवढ्यात आईने थांबवलं. बाबांना ती काय म्हणते ते न बोलता कळलं. त्यांनी खडू घेतला, माझ्या नावाच्या वर एक सरळ रेघ ओढली, शिलाईला सोडतात तेवढी जागा सोडली, आणि मग कापलं. नावाची पट्टी आईने उचलली.

मग तिने मंजुरीपत्र हातात घेतलं. बहिणीचं नाव कुठे आहे ते विचारलं, त्यावरून बोट फिरवलं, देवघराकडे गेली आणि कुंकवाची कोयरी उघडून तशीच थांबली. मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं.

"याले लावू का नको?" तिने विचारलं.

मी म्हटलं, लाव, पण उद्या. सकाळी दुकानं उघडली की आधी झेरॉक्स काढून आणते.